२५ लाख आले खरे, पण... भोसरीतल्या एका कुटुंबाची क्रिटिकल इलनेस केस

क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे यादीतला गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम देणारी, विकायला बसलं की हल्ली जो तो आजारांचा आकडा पुढे करतो. यांच्यात ३४, त्यांच्यात ६४, ज्याच्यात जास्त तो प्लॅन भारी. आणि फ्लेक्झिबल म्हणजे काय, तर फॉर्म भरताना पॅकेज निवडायला मिळतं, फक्त कॅन्सर, कॅन्सर प्लस हार्ट, नाहीतर सगळंच. माझं म्हणणं असं की सोय फॉर्म भरताना लागतच नाही फारशी, ती लागते नंतर, आजार आल्यावर, कमाई थांबल्यावर, घरातला कमावणारा बदलल्यावर, आणि नेमकं तिथेच आपली बहुतेक प्रॉडक्ट्स जागची हलत नाहीत. म्हणून ही केस सविस्तर लिहितोय. मी चिंचवडला विमा सल्लागार आहे, या पॉलिसी मी विकलेल्या नाहीत, कुटुंब नंतर माझ्याकडे आलं. नावं टाकत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत.

दादांचं भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात छोटं वर्कशॉप, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग) मशिनं, चाकणच्या व्हेंडर्ससाठी जॉबवर्क. दोन ऑपरेटर, बाकी सेटिंग-मापं सगळं स्वतः. वहिनी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला, पगार ३८ हजार. मोशीला टू बीएचके, मुलगा शाळेत. २०१९ ला होम लोन घेताना बँकेतल्या माणसाने दादांना १ कोटीचा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे) दिला आणि त्यावर २५ लाखांचा क्रिटिकल इलनेस रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली पुरवणी. वहिनींनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका जनरल इन्शुरन्स कंपनीची १० लाखांची वेगळी क्रिटिकल इलनेस पॉलिसी घेतली, वर्षाला हप्ता. शिवाय घरचा ५ लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एक) मेडिक्लेम. खरं सांगायचं तर कागदावर हे कुटुंब दहात नऊ घरांपेक्षा बरं कव्हर झालेलं होतं, म्हणूनच ही केस घेतली, काहीच नसलेल्या माणसाची गोष्ट सांगून काय उपयोग.

जून २०२४, पालखी निघायच्या आधीचा आठवडा. सकाळी शॉपवर दादा जॉबचं माप घेत होते, हातातला व्हर्नियर सटकन खाली पडला, उचलायला गेले तर उजवा हात उचलेना, ऑपरेटरला रीडिंग सांगायला तोंड उघडलं तर शब्द भलतेच. पोरगं हुशार, पाणी पाज-कांदा हुंगव करत बसला नाही, रिक्षात घालून सरळ हॉस्पिटलला. स्ट्रोकमध्ये गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते वेळेत मिळालं. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेला भाग. बिल ४ लाखांच्या आसपास, मेडिक्लेमने कॅशलेस भरलं. इथपर्यंत सगळं नीट.

आता खरा प्रश्न. दादा घरी आले पण शॉप बंदसारखं. ऑपरेटर जुने जॉब काढत होते, नवीन सेटिंग कोण करणार? वहिनींनी एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर महिन्याचा हिशोब मांडला होता, तो मी पाहिला: घराचा ईएमआय ३१ हजार, मशिनचा ४६, गाळ्याचं भाडं २८, ऑपरेटरचे पगार ४४, घरी येणाऱ्या फिजिओचे ६०० रुपये दर वेळी म्हणजे साधारण १६ हजार. एकूण १ लाख ६५ हजार, त्यातून पगार वजा केला की दरमहा १ लाख २७ हजारांचा खड्डा, यात किराणा आणि शाळेची फी धरलेलीच नाही. सुरुवातीला जुन्या बिलांचे थोडे पैसे आले, मग तेही आटले. पार्ट्या साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतात आणि मालक आजारी म्हटल्यावर फोनच उचलत नाहीत, हे भोसरीत कुणालाही विचारा.

मला फोन आला तो यासाठी की रायडरचे २५ लाख कधी मिळणार. उत्तर सांगताना जड गेलं. विमा नियामक आयआरडीएआयने २०१६ च्या सूचनांमध्ये २२ गंभीर आजारांच्या व्याख्या ठरवून दिल्यात, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, स्ट्रोकची व्याख्या तीच: मेंदूला कायमची हानी, ती स्पेशालिस्टने सांगितलेली हवी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसायला हवी, आणि ती कमजोरी किमान ३ महिने टिकून राहिल्याचा पुरावा हवा. थोडा वेळ येऊन जाणारा झटका, ज्याला टीआयए म्हणतात, तो बाहेर. म्हणजे जूनचा स्ट्रोक, क्लेम उभा राहणार सप्टेंबरच्या शेवटी. तोवर फक्त कळवून ठेवायचं. वहिनी शांतपणे ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे सर, हे तोवर बरे झाले तर पैसे जातील का हो?"

याला काय सांगणार? तांत्रिक उत्तर हो असंच आहे. पूर्ण बरे झाले तर व्याख्या लागत नाही. माणूस मन लावून फिजिओ करतोय आणि बायकोच्या डोक्यात एका कोपऱ्यात हा हिशोब, ही परिस्थिती पॉलिसीच्या रचनेने आणलेली आहे. ३ महिन्यांची अट मूर्खपणाची आहे असं मी म्हणत नाही, बरेच स्ट्रोक सुधारतात आणि कायमची हानी कुणाला झाली हे पहिल्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टलाही सांगता येत नाही. पण मग पैसे एक तर शंभर टक्के नाहीतर शून्य, हे कशासाठी? ॲडमिट झाल्यावर एमआरआयमध्ये इन्फार्क्ट दिसतोय, इंजेक्शन दिलंय, आयसीयूची नोंद आहे, एवढ्यावर २५ टक्के देऊन टाका, उरलेले ३ महिन्यांनी तपासून द्या. २५ लाखांचे २५ टक्के म्हणजे सव्वासहा लाख, वरचा खड्डा जवळपास पाच महिने भरला असता. टप्प्याटप्प्याने देणारी प्रॉडक्ट्स भारतात आहेत, मुख्यतः कॅन्सर आणि हार्टमध्ये. एलआयसीने २०१७ मध्ये कॅन्सर कव्हर आणला त्यात सुरुवातीच्या स्टेजला २५ टक्के आणि ३ वर्षांचा हप्ता माफ, मोठ्या स्टेजला राहिलेले, आणि वर १० वर्षं दरमहा १ टक्का. म्हणजे रचना माहीत नाही असं नाही, स्ट्रोकपर्यंत ती फारशी पोचलेली नाही एवढंच.

असो. अनंत चतुर्दशी झाली, लगेच पितृपक्ष लागला, त्यातच ३ महिने भरले आणि सर्टिफिकेट घेतलं. दादांच्या आई म्हणाल्या पितृपक्षात कशाला फॉर्म टाकता, सर्वपित्री होऊ द्या. मी म्हटलं काकू, ईएमआयला पितृपक्ष नसतो. फॉर्म गेला.

ऑक्टोबरमध्ये क्वेरी आली. पहिल्या सर्टिफिकेटमध्ये डॉक्टरांनी एका ओळीत लिहिलं होतं, 'गुड रिकव्हरी, कंटिन्यू फिजिओथेरपी'. डॉक्टर चांगल्या मनाने लिहितात, पेशंटला धीर येतो, पण क्लेमवाल्याला त्या ओळीत 'कायमची हानी' दिसत नाही. दुसरी क्वेरी बीपी कधीपासून. बीपी २०२१ ला निघालं, पॉलिसीनंतर, आणि आयुर्विमा पॉलिसीला ३ वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार जुनी माहिती लपवली म्हणून ती नाकारता येत नाही, तो प्रश्न एका पत्रात मिटला. पहिल्यासाठी मात्र परत न्यूरॉलॉजिस्टकडे. त्यांना दादांनी टेबलावरचं पेन उजव्या हाताने उचलून दाखवलं, उचललं, पण टोपण काढता येईना. डॉक्टरांनी हाताची ताकद पाचापैकी चार, बोटांच्या बारीक हालचाली बाधित, बोलणं किंचित जड, व्हर्नियर आणि मशिन सेटिंग करता येत नाही, अशी नवीन नोंद तारखेसह लिहून दिली. शेजारच्या एकाने तेवढ्यात सल्ला दिलाच, सरळ नारायण पेठेत जा, ऑम्बड्समनकडे. न. चिं. केळकर रोडला जीवनदर्शनमध्ये विमा लोकपालांचं ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, सगळं खरं, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघावी लागते नाहीतर त्यांचं उत्तर यावं लागतं, आणि इथे तर अजून कुणी नाकारलेलंच नव्हतं. तिकडे जायची वेळ आली नाही. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, २५ लाख खात्यात. ऑपरेटरचा दिवाळी बोनस तोपर्यंत वहिनींच्या पाटल्यांवर घेतलेल्या ४ लाखांच्या गोल्ड लोनमधून गेला होता.

मधल्या काळात अजून एक भानगड झाली ती लिहायलाच पाहिजे. वहिनींच्या स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता ऑगस्टमध्ये होता. रिन्यूअलचे एसएमएस दादांच्या नंबरवर, तो फोन मुलाकडे, गेम खेळायला. माझ्या लक्षात आलं तेव्हा ग्रेस पिरियडचे (तारीख चुकल्यावर हप्ता भरायला मिळणाऱ्या मुदतीचे) थोडेच दिवस उरले होते, तिथल्या तिथे भरायला लावलं. वार्षिक हप्त्याला ३० दिवस ग्रेस मिळतो, त्यात भरलं की वेटिंग पिरियड (सुरुवातीचा कव्हर नसलेला काळ) वगैरेचं सातत्य टिकतं, पण मधल्या दिवसांत आजार निघाला तर कव्हर नाही, हे लोकांना माहीतच नसतं. तोच हप्ता महिन्याने वगैरे भरत असाल तर पॉलिसी वर्षाच्या आतल्या ग्रेसमध्ये कव्हर चालू राहतं, मंथलीला १५ दिवस, बाकीच्यांना ३०. आणि ती पॉलिसी सुटली असती तर काय गेलं असतं बघा: २०२४ च्या नवीन नियमांनी मोरेटोरियम ८ वरून ५ वर्षांवर आला, म्हणजे सलग ६० महिने झाले की फ्रॉड सोडून माहिती लपवली या कारणावर क्लेम अडवता येत नाही. वहिनींचे ६० महिने त्याच ऑगस्टमध्ये पूर्ण होत होते. एका एसएमएसपायी सगळं परत शून्यावर आलं असतं.

घरात कुणाला गंभीर आजार झाला की पती किंवा पत्नीच्या पॉलिसीचा एक हप्ता पुढे ढकलायची सोय कंपन्यांना परवडत नाही असं मला वाटत नाही. टप्पेवाल्या प्लॅनमध्ये हप्तामाफी आहे पण ती आजारी माणसाच्याच पॉलिसीला. वाचवायची असते ती उरलेल्याची.

आता त्या २५ लाखांचं काय झालं. गोल्ड लोन ४ लाख फेडलं, मशिनचं राहिलेलं ११ लाख कर्ज फेडलं, मेव्हण्याला 'दोन महिन्यांत देतो' वर अडीच लाख, हातात राहिले साडेसात. मशिनचं कर्ज फेडणं चूक नाही, ४६ हजारांचा ईएमआय गेला. मेव्हण्याबद्दल मी काही बोलत नाही. पण कमाई बंद असताना माणसाला पगारासारखं काहीतरी लागतं, आणि मिळालं काय तर एक रकमी ढीग, तोही सगळ्या नातेवाइकांना कळल्यावर. क्लेमच्या वेळी विचारायला हवं की १० लाख आत्ता आणि उरलेले तीन वर्षं दरमहा, चालेल का? ही निवड पॉलिसी घेताना नको, २०१९ ला दादांना काय माहीत की २०२४ ला मशिनचं कर्ज किती असेल, ती क्लेमच्या दिवशी पाहिजे. दरमहा येणारे पैसे उसने कुणी मागत नाही हा आणखी एक फायदा.

ही पॉलिसी मुळात निघालीच याच कारणाने. १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. मारियस बर्नार्ड, पहिलं हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्डचे भाऊ आणि स्वतः हार्ट सर्जन, यांनी क्रुसेडर लाइफ या कंपनीबरोबर ती काढली, कारण पेशंट ऑपरेशनमधून वाचत होते आणि घरी जाऊन पैशापायी बुडत होते. तेव्हा यादीत चार आजार: हार्ट अटॅक, कॅन्सर, स्ट्रोक, बायपास. चाळीस वर्षांत यादी वाढत गेली, पैसे द्यायची तऱ्हा बहुतेक ठिकाणी तीच.

सगळ्यात मोठा धक्का मात्र नंतर बसला. दादांचा रायडर 'ॲक्सिलरेटेड' प्रकारातला होता. म्हणजे २५ लाख हे १ कोटीतूनच आधी दिलेले, वेगळे नाहीत. टर्म कव्हर राहिलं ७५ लाख, रायडर संपला. स्ट्रोक झालेल्या चव्वेचाळिशीच्या माणसाला नवीन टर्म कोण देणार, दोन ठिकाणी विचारून पाहिलं, दोन्हीकडे नाही. आणि उद्या कॅन्सर झाला तर त्याला एक रुपया नाही. याच्या उलट ॲडिशनल प्रकारचा रायडर असतो, त्यात मूळ कव्हरला हात लागत नाही, हप्ता जास्त. विकताना स्वस्तवाला दिला जातो आणि फरक कुणी समजावत नाही. परदेशात बायबॅक म्हणून सोय मिळते, क्लेमनंतर ठरावीक काळाने कमी झालेलं जीवन कव्हर मेडिकलशिवाय परत विकत घ्यायचं. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे, ज्याला पाहिजे तो घेईल.

वहिनींची बाजू २०२५ मध्ये हातात घेतली. आता घरातली पक्की कमाई त्यांची, आणि क्रिटिकल कव्हर फक्त १० लाख. वाढवून २५ मागितलं. कंपनीने मेडिकल लावलं, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.३ आलं, थायरॉइडची गोळी चालू, वाढ नाकारली, जुनी पॉलिसी आहे तशी चालू. कंपनीची बाजूही समजून घ्या. कव्हर कधीही वाढवा अशी मोकळीक दिली तर ज्याच्या छातीत कळ यायला लागलीय तोच आधी रांगेत उभा राहणार, मग हप्ते सगळ्यांचेच वाढणार. पण याच्यावर उपाय याच धंद्यात आहे. काही टर्म प्लॅनमध्ये लग्न झालं, मूल झालं, होम लोन घेतलं की ठरावीक दिवसांत, ठरावीक वयापर्यंत, मेडिकलशिवाय ठरावीक टक्के कव्हर वाढवता येतं. प्रसंग कागदावर सिद्ध होतो, तारीख असते, कुणी मुद्दाम घडवून आणत नाही. तेच क्रिटिकल इलनेसला लावा, आणि प्रसंगांच्या यादीत 'घरातला मुख्य कमावणारा आजारी पडला' हेही टाका. नवऱ्याला स्ट्रोक झाला म्हणून बायकोला कॅन्सर व्हायची शक्यता काही वाढत नाही, तेव्हा कंपनीला घाबरायचं कारण नाही.

शेवटी जोडाजोड केली ती अशी. जुनी १० लाखांची तशीच, हप्ता वहिनींच्या खात्यातून ऑटो डेबिट आणि एसएमएसचा नंबर त्यांचा. दुसऱ्या कंपनीचा २० लाखांचा टप्पेवाला फक्त कॅन्सरचा प्लॅन, कारण तिथे अंडररायटिंग, म्हणजे जोखीम तपासायची पद्धत, वेगळं, साखर थोडी जास्त असणं तिथे एवढं आड आलं नाही. आजार निवडून घ्यायची सोय मी वर हिणवली, पण अशा माणसाला ती खरंच कामाची आहे, जिथे पूर्ण दार बंद आहे तिथे एक खिडकी मिळते. त्या प्लॅनची सुरुवातीच्या स्टेजची यादी मात्र ओळ न् ओळ वाचली. नेहमीच्या क्रिटिकल पॉलिसीच्या कॅन्सरच्या व्याख्येतून कार्सिनोमा इन सिटू (जागच्या जागी असलेला, अगदी सुरुवातीचा) बाहेर असतो, थायरॉइडचा अगदी लहान, न पसरलेला कॅन्सर बाहेर असतो, आणि थायरॉइडची गाठ ही वहिनींच्या वयाच्या बायकांमध्ये मी बऱ्याचदा पाहतो. फ्री लूकचे ३० दिवस असतात, त्यात पॉलिसीचं बाड घरी बसून वाचायचं, पटलं नाही तर परत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झाला, त्याआधी १८ टक्के होता, तेवढा हप्ता हलका पडला. आणि ऑफिसात एनरोलमेंटच्या वेळी ५ लाखांचं ऐच्छिक ग्रुप क्रिटिकल कव्हर मिळत होतं, मेडिकल नाही, ते घेतलं. नोकरी सुटली की ते संपेल हे त्यांना लिहून दिलंय.

दादा फेब्रुवारी २०२५ पासून अर्धा दिवस शॉपवर जातात, मापं ऑपरेटर घेतो, हे कोटेशन आणि पार्ट्या बघतात. मेडिक्लेम चालू आहे, क्लेम घेतला म्हणून कंपनीला रिन्यूअल नाकारता येत नाही. होम लोनवर वहिनींचंही नाव आहे म्हणून त्यांच्या नावाने ५० लाखांच्या टर्मचं प्रपोजल टाकलंय, मेडिकल झालंय, साखरेवरून लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, किती लावतात ते पत्र आलं की पुढचं ठरवू. मेव्हण्याचे अडीच लाख अजून यायचेत.